जुन्या गच्चीच्या नोंदी : ८४ चौरस मीटर, तीन गाळे

९ फेब्रुवारी
आजपासून नोंदी. घर ५२ वर्षांचं, वडिलांनी बांधलेलं. गच्ची साडेदहा मीटर लांब, ८ मीटर रुंद. खाली साडेतीन-साडेतीन मीटरचे तीन गाळे: पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर. उन्हाळ्यात दुपारी या गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही. सपाट छपराला यापेक्षा कठीण हवा कुठली असणार? कडक ऊन आणि सततचा पाऊस, दोन्ही त्याच एका स्लॅबने सोसायचं.

गळती मधल्या खोलीत, पंख्याच्या हुकातून. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे दोन वर्षांपासून पडतायत. मी लोकांच्या घरांची हीच दुरुस्तीची कामं करतो आणि आई मात्र पाच पावसाळे पंख्याखाली पातेलं ठेवत राहिली, हे मला लागलं. या वर्षी पावसाच्या आत पुरं करायचं.

१२ फेब्रुवारी
मिस्त्री येऊन पाहून गेले. जुने, भरवशाचे आहेत. गच्चीवर एक फेरी मारून म्हणाले, "दादा, वरून अजून एक कोट मारू. दोन-तीन वर्षं निघतील."

आई जिन्यातच उभी होती. "अहो, मागच्या वेळी आलेले पण हेच म्हणाले होते. आणि त्याच्या मागच्या वेळचेही."

गेल्या १५ वर्षांत तीन वेळा काम झालं आणि तिन्ही वेळा आधीच्या थरावर नवा थर चढला. मी मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही म्हणता ते काम दोन दिवसांत होईल, पण आधी खाली काय आहे ते उघडून बघू. कबूल झाले.

१६ फेब्रुवारी
तीन ठिकाणी फूटभर चौकोनी खड्डे घेतले, थेट स्लॅबपर्यंत. वरून खाली असं निघालं: सोललेला पांढरा लेप, ४० मिमी सिमेंटचा थर, त्याखाली कडक होऊन तडकलेला डांबरी पट्टा, मग मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा. कोबा पाइपाच्या तोंडाशी ८० मिमी, पलीकडच्या कडेला १६० मिमी. मग स्लॅब, ११५ मिमी.

पाऊस जाऊन चार महिने झालेत. तरी तिसऱ्या खड्ड्यातला विटेचा तुकडा हातात घेतला तर गार लागला, आणि अंगठ्याने दाबला तेव्हा नखाच्या कडेला पाणी आलं. डांबरी पट्ट्याने वरचं पाणी थोडंफार अडवलं असेल, पण आत शिरलेल्या पाण्याला वर निघायची वाट त्यानेच बंद केली. इतकी वर्षं कोब्याची टाकी झाली होती. आभाळ कोरडं असतानाही छत गळायचं ते यामुळे.

वजनाचा हिशेब केला. ओला कोबा सरासरी १२० मिमी, म्हणजे चौरस मीटरला साधारण २२८ किलो. वरचा सिमेंटचा थर ८८ किलो. मिळून ३१६. ८४ चौरस मीटरचे झाले साडेसव्वीस टन. मिस्त्रींना आकडा सांगितला. ते बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिले. त्यानंतर अजून एका कोटाचा विषय निघाला नाही.

१८ फेब्रुवारी
खालून तपासणी. शिडीवर उभं राहून छोट्या हातोड्याने सगळं छत ठोकत गेलो. चांगल्या जागी टणटण वाजतं, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजलं तिथे खडूने रेघ. पुढच्या खोलीत दोन छोटी बेटं. मधल्या खोलीत पंख्याभोवती परातीएवढं एक. स्वयंपाकघरात उलटंच करावं लागलं. चांगला भाग खडूने दाखवला, कारण तो कमी होता.

मग तिन्ही छतांत ताजं फोडून फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं औषध फवारलं. काँक्रीट जोवर भरपूर अल्कधर्मी असतं, सामू १२-१३ च्या आसपास, तोवर आतल्या सळईवर गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हे संरक्षण बाहेरून आत संपत जातं. औषध चांगल्या काँक्रीटवर गडद गुलाबी होतं, संपलेल्यावर रंगच चढत नाही. मधल्या खोलीत १२ मिमीपर्यंत बिनरंगी आणि पुढे लख्ख गुलाबी. सळई २० मिमीवर, म्हणजे अजून सुरक्षित. पुढच्या खोलीतही तेच. स्वयंपाकघरात सळईच्या मागे गेलो तरी गुलाबी दिसलं नाही.

तिथली एक सळई तारेच्या ब्रशने घासली. गंज पापुद्र्यांनी निघाला, वहीच्या पानांसारखा. मूळ १० मिमीची सळई कॅलिपरमध्ये साडेसात भरली. व्यास पाव भागानेच कमी झाला, पण छेदाचं क्षेत्रफळ ४४ टक्के गेलं. आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. पोपडे पडतात ते त्यामुळे. वरून कितीही गिलावा करा, तो त्याच पोपड्याबरोबर खाली येणार.

२५ फेब्रुवारी
रचना अभियंत्याबरोबर बसून निर्णय घेतला. पुढचे दोन गाळे दुरुस्त करायचे. स्वयंपाकघरावरचा २८ चौरस मीटर स्लॅब तोडून नवा टाकायचा. गच्चीवरचे सगळे थर मात्र पूर्ण काढायचे, अपवाद नाही.

आईने विचारलं, "पूर्ण स्लॅबच नवा का नाही टाकत? एकदाच काय ते होऊन जाईल." रास्त प्रश्न. पण मधल्या आणि पुढच्या गाळ्याचं काँक्रीट अजून धडधाकट आहे. ते तोडलं तर खालच्या विटांच्या भिंतींना हादरे बसतील, आणि त्या भिंतीही ५२ वर्षांच्याच आहेत. चांगलं आहे ते ठेवायचं. आईला पटलं. तिने स्वयंपाकघर मागच्या पडवीत हलवायला घेतलं.

५ मार्च
तिन्ही खोल्यांत टेकू लावून झाले, दर मीटरवर एक. वरचं फोडकाम हातानेच, छिन्नी-हातोड्याने. ब्रेकर लावला असता तर चार दिवस वाचले असते, पण त्याची थरथर चांगल्या गाळ्यांनाही बाधली असती. नियम एकच ठेवला: फोडलेला माल गाळ्याच्या मधोमध रचायचा नाही, घमेल्याने लगेच खाली न्यायचा. जुन्या स्लॅबवर मलब्याचा ढीग करणं फार धोक्याचं असतं आणि हे सगळीकडे सर्रास होतं.

१३ मार्च
स्लॅब पूर्ण उघडा झाला. गळतीचं मूळ आज सापडलं.

मागच्या कठड्याच्या पायाशी, स्लॅब आणि विटकामाच्या सांध्यात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी भेग आहे. पोस्टकार्ड सहज आत जातं. कारण उन्हाचं. काँक्रीट दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर वाढतं. पहाट ते दुपार स्लॅबच्या तापमानात ३५ अंशांचा फरक धरला तर साडेदहा मीटरला पावणेचार मिलिमीटर होतात. रोज तेवढं पुढे, रोज तेवढं मागे. विटांचा कठडा ते सोसू शकत नाही, तो पायाशी सुटतो. तिन्ही वेळच्या लोकांनी गच्ची रंगवली, कठड्याच्या पायाला कोणी हात लावला नाही.

भेगेतून पाणी कोब्यात आणि कोब्यातून स्लॅबच्या पाठीवर. तिथे एक जुनी विजेची नळी स्लॅबमध्ये पुरलेली, तिचा सांधा उघडा पडलेला. ती नळी थेट मधल्या खोलीतल्या पंख्याच्या डबीत उतरते. खात्री करायला मी सांध्यात तांब्याभर पाणी सोडलं आणि आईला खाली उभं केलं. मनात साठ मोजायच्या आत खालून हाक आली, "अरे, पडलं! हुकातूनच पडलं!"

मूळ ते थेंब, अंतर सव्वापाच मीटर. पाच वर्षं सगळे पंख्याच्या डोक्यावरची गच्ची लिंपत होते.

२४ मार्च
स्वयंपाकघरावरचा स्लॅब तुकड्यातुकड्याने कापून उतरवला. एक गोष्ट हट्टाने केली. मधल्या भिंतीवरून वरच्या बाजूच्या सळया दोन्ही गाळ्यांत गेलेल्या असतात. त्या भिंतीलगत कापल्या तर शेजारच्या चांगल्या गाळ्याचा आधार जातो आणि तो मधोमध वाकायला लागतो. म्हणून त्या सळया ६० सेंटिमीटर लांब राखून भोवतालचं काँक्रीट हाताने सोलून काढलं. वेळखाऊ काम होतं. मिस्त्रींनी ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही, स्वतः केलं. मधल्या खोलीचे टेकू नवा स्लॅब पक्का होईपर्यंत हलणार नाहीत.

३ एप्रिल
स्लॅब पडला. १२५ मिमी जाड, साडेतीन घनमीटर माल. जुन्या सळया घासून नव्या जाळीला बांधल्या. जुन्या काँक्रीटची कड खडबडीत करून आदल्या रात्रीपासून ओली ठेवली होती. ओतायच्या वेळी आत ओल हवी, वर तळं नको. नळीतून एकही वायर स्लॅबमध्ये नाही, सगळी वायरिंग भिंतीवरून घेतली. काम उन्हं कलल्यावर सुरू केलं, संपता संपता रात्र झाली.

माल जरा घट्ट वाटला तेव्हा एका पोऱ्याने पाण्याची बादली उचलली. मिस्त्रींनी तिथेच थांबवला. माल सैल करायला वरून ओतलेलं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक वाटा सोडून जातं. छपराच्या काँक्रीटमध्ये त्याच वाटांनी पाऊस आत येतो.

१७ एप्रिल
चौदा दिवस आळी करून पाणी भरून ठेवलं, कडेला ओली गोणपाटं. या उन्हात सकाळी भरलेलं आळं संध्याकाळी तळ दाखवायचं. आई दुपारी दोनला स्वतः वर जाऊन पाणी घालायची, सांगूनही ऐकायची नाही. आज टेकू काढले. खालून छत स्वच्छ, एकही केसभर तडा नाही.

२२ एप्रिल
इतर दोन खोल्यांची खालून दुरुस्ती. बद्द वाजणारा भाग सळईच्या मागे बोटभर पोकळी होईपर्यंत काढला, गंज उतरवला, जस्तयुक्त प्रायमर आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला पातळ थरांनी दाबून भरला. मधल्या खोलीतली जुनी नळी सिमेंटच्या रबडीने कायमची बुजवली.

२ मे
वरचा ढाळ. जुना ढाळ एकाच बाजूला होता, ८ मीटरचं पाणी एका कडेला. आता मधोमध पाठ काढून दोन्हीकडे चार-चार मीटर, दर ८० ला १, म्हणजे कडेपर्यंत ५० मिमी उतार. दोन्ही कडांना दोन-दोन पाइप. शिवाय कठड्यात थोडं वर एकेक भोक, पाइप तुंबला तर पाणी तिथून बाहेर पडून दिसेल. ढाळासाठी विटांचा कोबा नाही, फेसाचं हलकं काँक्रीट, सरासरी ५० मिमी. त्यावर २५ मिमीचा घोटलेला मसाला. कठड्याच्या पायाशी सगळीकडे गोल वाटा, म्हणजे कोपरा मसाल्याने भरून केलेली गोलाई. यावर पाणी अडवणारा लेप यायचा आहे, तो काटकोनात वळवला की तिथेच फाटतो.

मागच्या कठड्याची भेग सिमेंटने भरली नाही. रुंद करून, साफ करून, मागे फोमची दोरी दाबून लवचीक सीलंट भरला. ती भेग रोज हलणार आहे, तिला हलू द्यायचं.

१० मे
अवकाळी पाऊस. संध्याकाळी पाचला वारा सुटला आणि तासभर कोसळला. दक्षिणेकडच्या दोन्ही पाइपांच्या तोंडांवर मलब्याच्या गोण्या राहिल्या होत्या. मीच सकाळी त्या पाहिल्या होत्या आणि नंतर हलवू म्हणून सोडल्या. अर्धी गच्ची पाण्यात. वरच्या भोकाला अजून प्लायचं बूच होतं, सांडव्याचा उपयोगच झाला नाही. भिजत बूच काढलं, गोण्या ओढल्या.

स्लॅबला काही झालं नाही. पण घोटलेला मसाला आणि खालचं फेसाचं काँक्रीट पाणी पिऊन बसलं. आता लेप थांबला. लेपाच्या माणसांना १२ तारखेला यायचं होतं. त्यांना कळवलं.

१४ मे
पॉलिथीनचा हातभर चौकोन घोटलेल्या थरावर चारही कडांनी चिकटपट्टीने चिकटवला, असे चार ठिकाणी. १६ तासांनी उचलून पाहिलं. उत्तरेकडचे दोन कोरडे. दक्षिणेकडच्या दोन्हींच्या पोटाला थेंब आणि खालचा मसाला काळसर. लेप आत्ता मारला तर पहिल्याच कडक दुपारी खालची ओल वाफ होऊन फोड उठवणार. मिस्त्री आभाळाकडे बोट दाखवतात, म्हणतात दिवस कमी उरलेत. माझ्याही पोटात गोळा आहे. तरी थांबायचं.

१८ मे
पुन्हा चाचणी. एक कोरडा, पाइपाजवळचा अजून धूसर.

२० मे
चारही कोरडे.

२१–२३ मे
प्रायमर, मग पॉलियुरेथेनचा द्रव लेप दोन हात, मिळून दीड मिमी. आधी वाटा, कोपरे आणि जुन्या-नव्या स्लॅबच्या सांध्यावर लेपात बुडवलेलं फायबरचं कापड. लेप कठड्यावर ३० सेंटिमीटर चढवून वरची कड कापलेल्या खाचेत दाबली. नुसती भिंतीवर सोडली की ती कड सुटते आणि पाणी लेपाच्या मागून उतरतं.

३१ मे
लेप आठवडाभर वाळल्यावर २९ तारखेला पाणी भरून चाचणी सुरू केली होती. पाइपांना बूच, दोन्ही बाजू वेगळ्या मोजता याव्यात म्हणून पाठीवर तात्पुरता बांध; बांधाशी २५ मिमी पाणी, कडेला ७५. पाण्याची पातळी उन्हाने किती उतरते आणि गळून किती, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि दोन्हींवर खूण केली. ४८ तासांत बादली १२ मिमी उतरली, उत्तरेची गच्ची १३. दक्षिणेची २१.

नऊ मिमी पाणी कुठेतरी गेलं होतं. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीवर तळहाताएवढी ओल. पाणी सोडून दिलं आणि दक्षिणेच्या पुढच्या पाइपाचं तोंड उघडलं. लेप पाइपाच्या कॉलरच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. तो कॉलरवरून आत, पाइपाच्या पोटात चार बोटं उतरायला हवा होता. बाकीच्या तिन्ही तोंडांवर तसा उतरलाय. इथे अंधार पडता पडता काम संपवलं होतं. मी तेव्हा बाजूलाच उभा होतो आणि बॅटरी लावून पाहिलं नाही. घासून, प्रायमर लावून, कापडासह पुन्हा केलं.

७ जून
दुरुस्तीला चार दिवस वाळवून दुसरी चाचणी. ४८ तासांत बादली १०, दोन्ही बाजू १०. भिंतीवरच्या ओलीची पेन्सिलने आखलेली कड वाढली नाही. मिस्त्री खूश. मी रात्री परत एकदा बॅटरी घेऊन तिन्ही छतं पाहिली.

९–१२ जून
लेपावर ५० मिमी जाडीच्या एक्सपीएस फोमच्या (उष्णता अडवणारा कडक फोम) पाट्या, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर ३० मिमीची फिकट रंगाची फरशी, सांधे मोकळे. लेप असा खाली झाकला की त्याला ना ऊन लागतं, ना दिवसरात्रीची ओढाताण. फोम पाण्यात तरंगतो, हे विसरून चालत नाही. पूर्ण बुडला तर ५० मिमीची पाटी चौरस मीटरला जवळजवळ ५० किलो जोराने वर येऊ पाहते. ३० मिमी फरशीचं वजन ७० किलो, म्हणून तीच घेतली; हलकी टाइल पुरली नसती.

सगळं मिळून वरचं वजन आता चौरस मीटरला १७० किलो, आधीच्या निम्म्याच्या जरा वर. स्लॅबवरून १२ टन उतरले.

दुपारी तीनचं तापमान, मधल्या खोलीच्या छताचं, खालून: ४ मार्चला ४१ अंश होतं, आज ३४. बाहेरची हवा आज तेव्हापेक्षा दोन अंशांनी गरम होती.

१६ जून
पाऊस लागला. रात्रभर. आईने सवयीने पंख्याखाली पातेलं ठेवलं होतं. सकाळी त्यात तळाशी धूळ होती.

२ जुलै
चार दिवस सलग पाऊस झाल्यावर आज उघडीप मिळाली. पाऊस थांबल्या क्षणापासून घड्याळ लावलं: चारही तोंडांची धार ११ मिनिटांत तुटली. पाण्याच्या टाकीच्या पायाशी मात्र एक डबकं राहिलं, मीटरभर रुंद, चार मिमी खोल. फरशी तिथे जरा बसली आहे. लेप त्याच्या खाली आहे आणि मोकळ्या सांध्यांतून पाणी झिरपून जायला हवं, पण तिथले सांधे फरशी कापल्याच्या चिखलाने बुजलेत. डबक्याची कड खडूने आखून ठेवली. उघडीप टिकली तर उद्या त्या तीन फरश्या उचलून सांधे साफ करायचे.

मधल्या खोलीच्या छतावर जुन्या ओलीचा लोणा अजून पांढरा फुलतोय. ब्रशने झाडतोय, पाण्याने पुसत नाही. रंग हिवाळ्यानंतर. आईला तसं सांगितलं, ती म्हणाली, "राहू दे, घाई नाही. आधी ते डबकं बघ."